पिशवी लागली, पुढे काय?

मंडळी, पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून या गावाने स्वराज्यापासून साहित्यापर्यंत सगळं ऐकलं. शौचावर बोलायला वक्ता बोलावल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आज तोच विषय आहे, तेव्हा नाकाला रुमाल न लावता ऐका.

गुदाशयाचा कॅन्सर अगदी खाली, ताबा ठेवणाऱ्या स्नायूंत शिरला असेल तर गुदद्वारासकट तो भाग काढावा लागतो. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने ही शस्त्रक्रिया १९०८ साली मांडली. मोठ्या आतड्याचं टोक पोटावर, बहुधा डावीकडे, आणून शिवतात. हा स्टोमा. ओठाच्या आतल्या बाजूसारखा लाल, ओलसर. हात लावला तर दुखत नाही. त्याला ताबाही नाही, म्हणून पिशवी, आणि ती कायमची.

‘डॉक्टर, बॅग टळेल ना?’ नातेवाइकांचा हा प्रश्न कधीकधी ‘जीव वाचेल ना?’च्याही आधी येतो. बॅग टळली, म्हणजे आतडं पुन्हा खाली जोडता आलं, की जिंकलो, असा हिशेब. पण हा हिशेब तितका सरळ नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१२ सालच्या आढाव्यात कायमचा स्टोमा असलेल्या आणि आतडं जोडलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे अभ्यास तपासले. कायमच्या स्टोमावाल्यांचं जगणं हलाखीचंच असतं, असं त्यातून ठामपणे म्हणता आलं नाही. आतडं अगदी खाली जोडलेल्या कित्येकांना दिवसातून सात-आठ वेळा पळावं लागतं. तुळशीबागेत शिरण्याआधी ते संडास शोधतात; पिशवीवाला निवांत भाव करत उभा असतो.

मग पिशवीवाल्याचं कुठे अडतं? माझ्या मते, पहिलं अडतं ते जागेवर. स्टोमा कुठे काढायचा याची खूण ऑपरेशनच्या आधी, रुग्ण जागा असताना करायला हवी. त्याला उभं करा, वाकवा, मांडी घालून बसवा. बाईंना म्हणावं, नेहमीसारखं साडी नेसून दाखवा. परकराची नाडी कुठे येते, निऱ्या कुठे खोचता ते बघू. आजोबांचा पट्टा बेंबीच्या वर की खाली? पोटाची वळी कुठे पडते? पेनाने केलेली ही खूण पाच मिनिटांचं काम. ती चुकली तर पंगतीला बसताच पिशवीची कड सुटते आणि माणूस लग्नकार्याला जाणंच सोडतो.

चिकटणारी पिशवी सुचली ती सर्जनला नव्हे, एलिसे सोरेन्सन या डॅनिश नर्सला, १९५४ साली. तिच्या बहिणीला स्टोमा होता आणि गळतीच्या धास्तीने ती घराबाहेर पडत नव्हती. आपल्याकडे अजून वेगळी धास्ती आहे, ती खर्चाची. मेडिक्लेम दवाखान्यातल्या मुक्कामाचे पैसे देतो, महिन्याच्या पिशव्या बहुतेकांना पदरमोड करूनच घ्याव्या लागतात. मग तीच पिशवी धुऊन पुन्हा चिकटवायची. कड सुटते, मळ कातडीला लागतो, कातडी सोलवटते. त्यावर घरचे प्रेमाने खोबरेल लावतात आणि तेलावर पिशवी मुळीच टिकत नाही!

स्टोमातून कोमट पाणी सोडून आतडं रोज एकदाच रिकामं करण्याची पद्धतही आहे. ती जमली तर दिवसभर लहानशा टोपीवर भागतं. या पद्धतीला तासभर मोरी अडते, हे मात्र दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सकाळी कोणाला परवडणार? आणि सोवळं? काही बायका स्वतःहूनच देवघरात जायच्या थांबतात. नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल तर रुग्ण विचारत नाही, डॉक्टर सांगत नाही.

अशा वेळी आधाराला मुंबईत १९७५ पासून स्टोमावाल्यांसाठीची ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. पिशवीवर वर्षानुवर्षं जगलेला माणूस नव्या रुग्णाच्या खाटेशी येऊन बसला की आमच्या तासाभराच्या समजावण्यापेक्षा जास्त काम होतं.

तेव्हा तुमच्या घरात कोणावर ही शस्त्रक्रिया ठरली, तर सर्जनला दोन प्रश्न जरूर विचारा: खूण कोण करणार आणि कधी? पिशवी बदलायला शिकवणार कोण? उत्तर मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करण्याची घाई करू नका.