खडूंचा डबा कोणी नेला?



मी बी. ए., बी. एड. माणूस. जीवशास्त्राचा तास माझ्याकडे आला तो शिक्षक कमी पडले म्हणून. 'त्वचा' हा पाठ मी आकृती काढून शिकविला, मुलांनी तो घोकला आणि परीक्षेनंतर विसरली. पुढच्या वर्षी मी वर्गात एक खोटी चोरी घडवून आणली. खडूंचा डबा नाहीसा झाला. टेबलावर राहिला एक काचेचा पेला आणि त्यावर बोटांचे ठसे. साहित्य म्हणाल तर पेन्सिलीच्या शिशाची पूड, मऊ ब्रश, चिकटपट्टी, शाईचे पॅड आणि एक भिंग.

ठसा उचलण्याआधीच चार-पाच मुलांनी एका मुलाचे नाव घेतले. का, तर त्याने पूर्वी कधी कुणाचे पेन घेतले होते! तो मान खाली घालून बसला. मला पाठ थांबवावासा वाटला; पण थांबविला असता तर तो संशय तसाच राहिला असता. मग सगळ्यांचे ठसे घेतले. कमानीचे थोडे, भोवऱ्याचे त्याहून जास्त, फासासारखे सर्वांत अधिक. पेल्यावरचा ठसा कुणाशीच जुळेना. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचा अंगठा द्या." जुळला!

या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून घडू लागतात, जुळ्या भावंडांच्याही सारख्या नसतात, हे आता मुलांना घोकावे लागत नाही. कलकत्त्यात 1897 साली ठशांची कचेरी निघाली. तिथे काझी अझीझुल हक यांनी गणिताने ठशांची 1024 खान्यांत वर्गवारी बसविली. हेमचंद्र बोस त्यांचे सहकारी. पद्धतीला नाव मात्र साहेबाचे, हेन्रीचे, लागले. आपल्या नागपुरातही न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. मुलांनो, तिथे काम करणारे लोकही तुमच्यासारखेच शाळेत त्वचेचा पाठ शिकले होते.

एका विद्यार्थ्याने घरून वडिलांचा ठसा आणला, तो जवळजवळ कोराच. ते विटा-सिमेंटचे काम करतात. रेशनच्या यंत्रावरही त्यांचा अंगठा उमटत नाही. वरची त्वचा झिजते, नक्षीचे मूळ मात्र आतल्या थरात असते. हाताला विसावा मिळाला की ती बहुधा पुन्हा दिसू लागते. हे त्या मुलानेच वर्गाला समजावून सांगितले.

कार्यक्रमानंतर प्रयोगशाळेत शाईचे पॅड ठेवले आहे. ज्यांचे हात कामाने झिजले आहेत, त्यांनी तर जरूर यावे.