फळ्याचा फोटो



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'मार्गदर्शन' असं छापलंय. मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर सांगितलं होतं, करिअरवर बोला, तुमच्या कामाची माहिती द्या आणि जरा आवरतं घ्या, नंतर पोरांचे नाच आहेत. नाच आहेत म्हटल्यावर माझं भाषण कोण किती ऐकणार, हे मला ठाऊक आहे. पाहुणे बोलत असताना मीही इथेच मागे बसून चिंचोके खेळलोय.

आधी काम सांगून टाकतो. चंडीगडला सेक्टर 30 मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे, तिथे माझी नोकरी झाली. तेजस विमानात वैमानिकाच्या डोळ्यांसमोर एक काच असते. वेग, उंची हे आकडे त्या काचेवर उमटतात आणि तिच्यातूनच पलीकडचं आभाळही दिसतं. मान खाली घालून तबकड्या बघाव्या लागत नाहीत. ती यंत्रणा आमच्या संस्थेने केली. काचेवर थर असा चढवतात की ठरावीक रंगाचा प्रकाश परत फिरावा आणि बाकीचा... जाऊ दे. गणिताच्या सरांनी घड्याळ बघितलं. सर, तुम्ही मनगट वळवलंत की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

मी आठवीत असताना 1972 चा दुष्काळ पडला. आपल्या माणदेशाला दुष्काळ नवा नाही, पण त्या वर्षी विहिरींनी तळ दाखवला. पुढच्या उन्हाळ्यात राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. आमचं घर त्यातच. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आणि शाळेतून आलो की खडीच्या ढिगाऱ्यावर. वर्ग निम्मा ओस. भूमितीचं पुस्तक पाच जणांत एक, ते एका घरी एक रात्र राहायचं. त्या रात्रीत चिमणीच्या उजेडात प्रमेय वहीत उतरवून घ्यायचं, सकाळी पुस्तक पुढच्या घरी. तोवर मी भूमिती पाठ करायचो. उतरवून घेताना ती पहिल्यांदा कळायला लागली, कारण आकृती चुकली की पुढची ओळ जमतच नव्हती.

पुढे चंडीगडला गेलो तर तिथे सगळं शहरच असं, घर सोडून आलेलं. माझे घरमालक लाहोरचे. 1947 च्या फाळणीत लाहोरच्या विद्यापीठाची इमारत, ग्रंथालय, सगळं पलीकडे राहिलं. इकडे नवं विद्यापीठ निघालं त्याची कचेरी सोलनला, वर्ग होशियारपूर, जालंधर, अमृतसर, दिल्ली असे विखुरलेले. इंजिनिअरिंग कॉलेज लाहोरहून रुरकीला आणि 1953 मध्ये चंडीगडला आलं. दिल्लीत निर्वासित मुलांसाठी संध्याकाळचं 'कॅम्प कॉलेज' होतं. घरमालक दिवसा कारकुनी करून तिथे जायचे. पुस्तकं नाहीत, म्हणून चार मित्रांत एकाने लिहून घ्यायचं आणि बाकीच्यांनी आगगाडीत त्यावरून उतरवायचं. ते हे सांगायला लागले की मला आमचा भूमितीचा वार आठवायचा. मनमोहन सिंग याच विद्यापीठातून 1954 ला एम.ए. झाले, तेव्हा त्याला स्वतःचं धड आवारही नव्हतं. पुढे 1957 पासून त्यांनी तिथेच शिकवलं.

आता माझा हट्ट. मघाशी बाई मला नववीचा वर्ग दाखवत होत्या. तास संपला आणि सहा-सात पोरांनी पटापट फळ्याचा फोटो काढला. शाळेत फोन कसे आले ते विचारत नाही, बाई बघून घेतील. पण पोरांनो, फळ्याचा फोटो काढू नका. 2020 मध्ये शाळा बंद होती, आमच्या भाचीची तिन्ही पोरं एका फोनवर, रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून शिकली. तेव्हा फोनवाचून गत्यंतर नव्हतं, मान्य. तेव्हाही धाकटीने वही भरली आणि थोरल्याने फोटो काढले. थोरल्याचे फोटो फोनबरोबर गेले. पण मुद्दा फोन हरवण्याचा नाहीच. फोटो काढला की डोकं सुटतं, नंतर बघू म्हणतं. हाताने लिहिताना ते सुटू शकत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, फोटो नको. मागची मुलं हसतायत, हसा. मीही चिंचोके खेळलोय.

एकदा खडी फोडताना माझ्या तळहाताला फोड आले आणि त्या रात्री पुस्तकाची पाळी आमची. माझी बहीण आक्का म्हणाली, तू वाच, मी लिहिते. आक्काची शाळा त्या वर्षी सातवीनंतर सुटली ती सुटलीच. माझी नाही सुटली, तिची सुटली. तिने चार पानं लिहिली आणि मध्येच थांबून म्हणाली, 'अरे, तू इथे कोन चुकीचा वाचलास.' पुस्तकात पाहिलं तर खरंच. भूमितीचा एकही तास न बसलेल्या मुलीने लिहिता लिहिता माझी चूक धरली होती. आक्का इथेच आहे, बायकांच्या बाजूला तिसऱ्या खुर्चीवर. पदर तोंडाला लावू नकोस आक्का, मी आणखी काही सांगत नाही.

सर, आवरतोच. ती वही चंडीगडहून आणली आहे, ग्रंथालयातल्या टेबलावर ठेवलीय. आक्काची चार पानं कुठली ते अक्षरावरून कळेल, माझ्यापेक्षा बरं आहे. बघायला जाल तेव्हा हात पुसून जा, शिवण सुटत आलीय. आणि कृपा करून तिचा फोटो काढू नका.