पितळेची झळाळी : उशेगावपासून कीबोर्डपर्यंत
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यान)



मंडळाने आम्हा दोघांना मिळून बोलायला सांगितले, त्याबद्दल आभार. विषय फळ्यावर लागला तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारले, "कीबोर्ड म्हणजे पेटी का हो? गाणार आहात का?" तर आधीच सांगतो, पेटी नाही आणि गाणेही नाही. हा कीबोर्ड कंप्युटरचा. पण बोलायचे आहे ते पितळेबद्दल. आपल्या देवघरातल्या, आपल्या जिल्ह्यातल्या आणि हळूहळू भंगारात चाललेल्या पितळेबद्दल.

सुरुवात गेल्या वर्षीच्या गौरींत झाली. आमचा पुतण्या हैदराबादला नोकरीला आहे. तो कापडात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आला. उचलली तर पाट्याइतकी जड. उघडली तर कीबोर्ड! आमच्या माहितीतला कीबोर्ड म्हणजे बँकेत, तहसिलीत असतो तो, प्लॅस्टिकचा, एका हाताने उचलला जाणारा. हा वेगळा. याच्या प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र खटका. आमच्या पिढीने टाइपिंग शिकले ते गोदरेजच्या यंत्रावर. भारतात तयार झालेले ते पहिले टाइपरायटर, १९५५ सालचे. त्याची कळ दाबली की बोटाला उत्तर मिळायचे. हल्लीच्या मुलांना तेच उत्तर पुन्हा हवे आहे. म्हणून ती पेटी एकाकडून, कळा दुसऱ्याकडून, खटके तिसऱ्याकडून मागवतात आणि घरी बसून जुळवतात.

पेटी ॲल्युमिनियमची होती, गडद निळी. आम्हाला वाटले, रंग मारलेला आहे. पुतण्या म्हणाला, "काकू, हा रंग नाही, ॲनोडायझिंग आहे." म्हणजे काय, तर ॲल्युमिनियम आम्लाच्या पाण्यात बुडवून त्यातून वीज सोडतात. धातूच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडचा कडक थर चढतो. त्या थराला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात, त्यांत रंग मुरवतात आणि मग गरम पाण्याने छिद्रे मिटवतात. वरून मारलेला रंग खपली होऊन निघतो. हा धातूतच मुरलेला असतो, म्हणून तसा निघत नाही.

मग त्याने कीबोर्ड उलटा केला. तळाशी पितळेची जाड पट्टी बसवलेली, आरशासारखी. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते. ती पट्टी वजनासाठी. वजन असले की कीबोर्ड टेबलावर सरकत नाही आणि आवाजही भरीव येतो. पण खरे सांगायचे तर ती मिरवण्यासाठीही असते. कोणी ती तशीच उजळ ठेवतो, कोणी मुद्दाम काळवंडू देतो. कोणी निर्वात पेटीत ठेवून तिच्यावर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा चढवून घेतो. मुलामा सोनेरी, पण त्यात सोन्याचा कणही नाही. पुतण्याने मग विचारले, "काका, आपल्याकडचे डोकरावाले अशी पट्टी ओततील का? वर मोर हवा."

आपल्याकडचे डोकरावाले! त्याने सहज म्हटले, पण आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. इतकी वर्षे या जिल्ह्यात राहतो. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, किनवट-राजुरा तिकडे गेले आणि आपली घरे इकडे राहिली. पैनगंगेच्या अलीकडे राहूनही आपण मराठी टिकवली, हा मांडव टिकवला. पण उटनूरच्या पुढे, जैनूरजवळच्या उशेगावात आपलेच शेजारी हजारो वर्षांची विद्या सांभाळून बसले आहेत, त्यांच्या दारी आम्ही कधी गेलो नव्हतो. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि उशेगाव आता आसिफाबाद जिल्ह्यात गेले. तरी २०१८ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते 'आदिलाबाद डोकरा' या नावानेच. नाव आपल्या गावाचे, मान त्यांचा.

दिवाळीनंतर आम्ही तिघे गेलो. तिथली ओतारी मंडळी वोज समाजाची. गोंडांच्या देवांच्या मूर्ती, घंटा, दागिने पिढ्यानपिढ्या यांनीच ओतले. दंडारीत गुसाडी नाचतात ते आपण पाहतो. मार्लवाईच्या कनकराजूंना त्या नाचासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण पेढे वाटले. पण देवाची घंटा कोणी घडवली, हे कोणी विचारत नाही.

काम असे चालते. आधी मातीचा गाभा. त्यावर मेण आणि राळ यांच्या शेवयांसारख्या तारा काढून गुंडाळतात. मोराचा पिसारा म्हणजे शेजारी शेजारी बसवलेल्या मेणाच्या तारा. त्यावर आधी बारीक गाळलेल्या मातीचा लेप, मग जाड माती. वाळले की भट्टीत. मेण वितळून निघून जाते आणि जिथे मेण होते तिथे वितळलेले पितळ शिरते. निवाल्यावर माती फोडायची. साचा एकदाच उपयोगाचा, म्हणून एका मोरासारखा दुसरा मोर होत नाही. मोहेंजोदारोची नर्तकी याच रीतीने ओतलेली आहे. उंची जेमतेम साडेदहा सेंटीमीटर, पण तिचे नाव जगभर.

पट्टीचे ऐकून तिथले वयस्क कारागीर हसले. म्हणाले, आरशासारखी सपाट पट्टी आमच्या भट्टीतून निघायची नाही. थंड होताना पितळ आकसते, शंभराला दीड-दोन तरी. काठ थोडा वाकतो, अंगावर बारीक खड्डे राहतात. "सपाट हवे तर बाजारात पत्रा मिळतो. मोर हवा तर इथे या." मग ठरले की कीबोर्डच्या कोपऱ्यात बसेल असा, तळहाताच्या निम्म्याने मोर करायचा. मागची बाजू कानशीने सपाट करून तो चिकटवायचा.

मोर आला तेव्हा काळपट, मातकट होता. त्यांनी सांगितले होते, चिंचेने धुवा, तारेच्या ब्रशने हलके घासा, पुरे. आणि आता आमची चूक कबूल करतो. आम्हाला वाटले, पुतण्याच्या कीबोर्डची पट्टी कशी झगमगते, आमचा मोरही तसाच दिसला पाहिजे. गावात एका ठिकाणी बफिंगच्या चाकावर तो देऊन आलो. तासाभरात परत मिळाला. सोन्यासारखा झळकत होता, आणि पिसारा नव्हता! मेणाच्या तारांनी काढलेली एकेक रेघ चाकाने पुसून टाकली होती. चाकावर धरणाऱ्याचा दोष नाही. आम्ही 'चकाचक करा' म्हटले, त्याने केले.

लाज वाटत पुन्हा उशेगावला गेलो. तो मोर हातात घेऊन कारागीर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "पैसे द्यायच्या वेळी तुम्ही काटा मागितला होता ना?" मागितला होता. पितळेचा भाव काय, वजन किती, मग एवढे कसे, असा हिशोब आम्ही केला होता. दोघेही जन्मभर हिशोबाच्या नोकरीत, सवय जात नाही. ते म्हणाले, "वजन तर अजून जवळपास तेवढेच आहे. मग गेले काय?"

मंडळी, या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. गेले ते तिघांचे चार दिवस. तारा काढणाऱ्या सुनेचे, माती गाळणाऱ्या मुलाचे आणि त्यांचे स्वतःचे. काट्यावर ते तेव्हाही नव्हते.

दुसरा मोर त्यांनी करून दिला. या वेळी काटा मागितला नाही. साफ करणेही त्यांच्यासमोर बसून शिकलो. त्यातले घरी उपयोगी पडेल तेवढे सांगतो, म्हणजे या व्याख्यानाचा काही लाभ होईल.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. हवा आणि घाम लागला की ते काळवंडते. चिंच-लिंबातले आम्ल तो काळा थर विरघळवते, म्हणून भांडी उजळतात. पण चिंचेत रात्रभर भिजत ठेवू नका. आम्ल जस्तही खाते, वर नुसते तांबे उरते आणि समईवर गुलाबी डाग पडतात. आमच्या आजीच्या समईवर आहेत, इतकी वर्षे आम्ही ते अंगचेच समजत होतो! घासून झाल्यावर भरपूर पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा. नक्षीच्या खाचेत आम्ल आणि मीठ राहिले की तिथेच हिरवे चढते. रोज हाताळायच्या वस्तूवर मेणाचा पातळ हात फिरवला तर चमक जास्त दिवस टिकते. वार्निश लावले तर समईला ते उष्णतेने सोलवटते आणि मग डागाडागांनी काळे पडते.

आणि प्रत्येक काळे घाण नसते. आपल्या जुन्या हैदराबाद राज्यातल्याच बीदरकडे पाहा. बिदरी कामाचे भांडे मुख्यतः जस्ताचे, त्यात थोडे तांबे. त्यात चांदी ठोकून बसवतात आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून भांड्याला चोळतात. जस्त काळेभोर होते, चांदी तशीच पांढरी राहते. तिथे काळे करणे हाच शेवटचा हात. त्या कामासाठी शाह रशीद अहमद कादरींना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नवसागर हा शब्द आपल्या आया-आज्यांना नवा नाही. कल्हईवाला भांडे तापवून कापसाने तोच फिरवायचा, धूर उठायचा आणि कथील भांड्यात पसरायचे. एकच नवसागर, एकीकडे काळे करायला, एकीकडे पांढरे करायला. कुठे काय करायचे हे हाताला ठाऊक.

तो मोर आज पुतण्याच्या कीबोर्डवर उजव्या कोपऱ्यात आहे. वरची बाजू उजळ, रेघांच्या खाचा काळ्या ठेवलेल्या. त्या काळ्यामुळेच पिसारा दिसतो. त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी तसाच मोर मागितला आहे. आम्ही फक्त गावाचे नाव आणि रस्ता सांगितला. मधे पडलो नाही.

पहिला, पुसलेला मोर आम्ही टाकला नाही. देवघराच्या फळीवर ठेवला आहे. पाहुणे म्हणतात, काय छान चमकतो! आम्ही गप्प बसतो.

मंडळाला आमची विनंती दोनच गोष्टींची. एक, भांडीवाला दारात आला की जुनी समई, घंटा, गंगाळ वजनावर देऊन स्टीलचा डबा घेण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की ती वस्तू कुठून आली. दोन, पुढच्या वर्षी स्पर्धांची बक्षिसे प्लॅस्टिकच्या ढालींऐवजी उशेगावहून आणावीत. काटा आम्ही घरी ठेवू. वर्गणीत कमी पडले तर पहिली पावती आमच्या नावाने फाडा.

गणपती बाप्पा मोरया!