बदललेल्या जागेवरचं सोनं



अहिल्यानगर जिल्ह्यात फुटबॉल म्हटलं की भिंगारचा कॅम्प आठवतो. पण आज मी तुम्हाला जकार्ताच्या मैदानावर नेणार आहे.

4 सप्टेंबर 1962. आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या फुटबॉलची फायनल. समोर दक्षिण कोरिया. साखळीत त्यांनीच आपल्याला 2-0 असं हरवलेलं. इस्राएल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती. त्याचा राग तिथले प्रेक्षक आपल्या खेळाडूंवर काढत होते. अख्खं स्टेडियम आपल्याविरुद्ध ओरडत होतं.

त्यात बचावफळीचा कणा असलेले जर्नेल सिंग जखमी. थायलंडविरुद्ध खेळताना डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना बचावातून काढून थेट सेंटर फॉरवर्डला उभं केलं. जर्नेल सिंगांनी उपांत्य सामन्यात गोल केला आणि फायनलमध्येही केला. पी. के. बॅनर्जी यांचा एक, जर्नेल सिंगांचा एक. भारत 2-1 नं जिंकला!

त्याच संघात मधल्या फळीत होते फोर्तुनात फ्रँको. मूळचे गोव्यातल्या कोलवाळचे, खेळायचे मुंबईच्या टाटा संघाकडून. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. फायनलच्या गोलफलकावर त्यांचं नाव नाही. सुवर्णपदक मात्र त्यांचंही आहे.

मुलांनो, मघाशी या मंचावर नाच रंगला तेव्हा विंगेत काही जण पडदा ओढत होते, कुणी कपडे सांभाळत होतं. मनासारखी भूमिका मिळाली नाही म्हणून त्यातलं कुणी हिरमुसलं असेल, तर त्याला मला हेच सांगायचंय: संघाला आज तुमची गरज जिथे आहे, तिथे जीव ओतून उभे राहा. आपल्यातली ताकद कधीकधी नव्या जागीच आपल्याला कळते.

जकार्ताच्या त्या स्पर्धेवेळी रहीमसाहेब कर्करोगानं आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सोनं आपल्याला आजवर मिळालेलं नाही. म्हणून शिक्षकांना हात जोडून विनंती करतो: परीक्षा जवळ आली तरी खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नका. मुलाची खरी जागा ओळखणारे रहीम आम्हाला तुमच्यातूनच हवे आहेत.