पदवी हुकते ती नववीत
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कपाशीच्या नांग्या कधी भरायच्या हे तुम्हाला सांगायला नको. उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत. दिवाळीला कोणी बियाणं घेऊन वावरात जात नाही. पोरांच्या शिक्षणात मात्र आपण नेमके तेच करतो. हसू नका, मीही त्यातलाच.

माझी बहीण बदलापूरला असते, मेहुणे अंबरनाथला कारखान्यात. थोरल्याला दहावीनंतर तिच्याकडे ठेवला, उल्हासनगरच्या एका कॉलेजात शास्त्र शाखेला घातला. लोकलनं दोन स्टेशनं. फाळणीनंतर लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी निर्वासितांचं ते गाव. 1965 साली तिथं चांदीबाई कॉलेज उभं राहिलं. तेव्हा कॉलेज लांब होतं, ही सबब मला नव्हती.

अकरावीची पुस्तकं सगळी इंग्रजी. पोराला त्वरण माहीत, ॲक्सिलरेशन नाही. पण गाडी तिथंच अडली असं नाही. बीजगणितच कच्चं होतं. वर्गात विचारायची लाज. बारावी कशीबशी सुटला, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला एटीकेटी, दुसऱ्या वर्षी घरी. मी कॉलेजच्या नावानं बोटं मोडली. बहीण म्हणाली, "दादा, नववीत वेचणीच्या दिवसांत त्याला शाळेत किती दिवस पाठवलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या शेजारची मुलगीही मराठी शाळेतलीच, पण आठवीपासून सेमी इंग्रजी. नववीत गणितात नापास झाली तर आई दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. ती मुलगी पदवीधर झाली.

2009 च्या कायद्यानं शिक्षणाचा हक्क दिला तो चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. पुढं पोर गळालं तर विचारणारं कोणी नाही. 2024 साली सरकारनं पात्र घरांतल्या मुलींची व्यावसायिक पदवीची फी माफ केली. चांगलं केलं. पण नववीत कापूस वेचायला आणि ज्वारी सोंगायला लावलेली मुलगी त्या फीमाफीपर्यंत पोचणार कशी?

वेचणीची मजुरी भावातून सुटत नाही म्हणून घरची पोरं वावरात जातात, हे खरं. ते भांडण आपण भांडतोच आहोत. तोवर प्रत्येक गावच्या कार्यकर्त्यानं हायस्कुलात जाऊन नववी-दहावीचा ऑक्टोबर ते जानेवारीचा हजेरीपट पाहावा आणि पुढच्या बैठकीत नावं वाचावीत. पहिलं नाव माझ्या घरचं असलं तरी वाचा.

धाकटी यंदा नववीत आहे. तिच्या वाटच्या ओळी मी मजुरीनं वेचून घेतल्या. परवडलं नाही.