अन्नाचा रंग आणि गिऱ्हाइकाची नजर



दिवेलागण झाली की हुबळीच्या दुर्गदबैल भागात खाद्यपदार्थांच्या गाड्यांभोवती गर्दी जमू लागते. मिरची भजी आणि गिरमिट हे तेथील जुने मानकरी. त्यांच्या पंक्तीला आता तांबडीलाल गोबी मंचुरियन येऊन बसली आहे. बाहेर खाणे हा एके काळी प्रसंगविशेष होता; आज तो अनेक कुटुंबांचा परिपाठ झाला आहे. साहजिकच परक्या चुलीवर काय शिजते, हा आता घरचाच प्रश्न झाला आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य २०२४ साली कर्नाटक राज्यात उघड झाले. राज्यभरातून गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासण्यात आले, त्यांपैकी १०७ कृत्रिम रंगामुळे असुरक्षित ठरले. लहान मुलांच्या आवडीच्या ‘बुढ्ढी के बाल’ या साखरेच्या मिठाईचे २५ पैकी १५ नमुने तसेच निघाले. कापड रंगविण्याचे ऱ्होडामाइन-बी हे द्रव्य खाद्यपदार्थांत आढळले. ११ मार्च २०२४ रोजी शासनाने या दोन्ही पदार्थांत कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली. जूनमध्ये कबाबांवरही तेच बंधन आले. शिजवल्याने पुष्कळसे जंतू मरतात. परंतु घातक रंग शिजवल्याने नाहीसा होत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

हा रंग येतो कोठून? केवळ विक्रेत्याच्या लोभातून येतो, असे म्हणणे अर्धसत्य होईल. रंगाने चव वाढत नाही, पदार्थ टिकत नाही. तो घातला जातो तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी. फिकी गोबी मागे राहते आणि भडक गोबी विकली जाते, हे गाडीवाल्याला अनुभवाने कळलेले असते.

याच जोडशहरात याचा उलट दाखलाही आहे. धारवाडचा पेढा तपकिरी दिसतो. पण तो रंग बाटलीतून ओतलेला नाही. खवा मंद आचेवर दीर्घकाळ परतल्याने तो येतो. तो कष्टाचा व वेळेचा रंग आहे. भडक रंग हा त्या वेळेची चोरी करण्याचा मार्ग होय.

आता कायद्याकडे वळू. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा २०११ पासून अंमलात आहे. अधिकारी नमुना घेतो, त्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करतो. एक भाग विश्लेषकाकडे जातो व चौदा दिवसांत अहवाल अपेक्षित असतो. विक्रेत्याने मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. म्हणजे निरपराध्यालाही संरक्षण आहे. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू ओढवल्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान दहा लाख रुपये दंड सांगितला आहे.

कायदा अपुरा नाही. पण अधिकारी एखाद्या दिवशी येतो आणि गिऱ्हाईक रोज येते. म्हणूनच याच कायद्याच्या ४० व्या कलमाने साध्या खरेदीदारालाही अधिकार दिला आहे. खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तशी सूचना देऊन व शुल्क भरून त्याला पदार्थाचे विश्लेषण करून घेता येते. पदार्थ दोषी ठरल्यास शुल्क परत मिळते. हा अधिकार किती जणांना ठाऊक आहे?

नजर केवळ ताटावरच नव्हे, चुलीवरही हवी. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्यातील २५१ ठिकाणच्या पाहणीत ५२ ठिकाणी इडलीपात्रात कापडाऐवजी प्लॅस्टिक आढळले. इडली पांढरीच होती. डोळ्यांना दोष दिसला नसता. तेथे विचारावेच लागते : कापड आहे का? परवाना कोठे लावला आहे? तेल कितव्यांदा तापते आहे?

असे विचारण्यात उद्धटपणा नाही. हातावर पोट असलेल्या गाडीवाल्याचा धंदा बुडावा, असाही त्यात हेतू नाही. उलट, फिक्या पण स्वच्छ पदार्थाला गिऱ्हाईक मिळाले तर प्रामाणिक विक्रेताच टिकेल. अधिकाऱ्याच्या भीतीने रंगाची बाटली चार दिवस दडेल; मागणीच आटली तर ती विकत घेण्याचे कारण उरणार नाही.