पाहुण्यांची सायकल पडवीत ठेवताना

पाऊस सरला की आपल्याकडे सायकलवाले पाहुणे यायला लागतात. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरतात, मालगुंडात मुक्काम करतात, केशवसुतांचं स्मारक बघतात आणि दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरीकडे निघतात. त्यांना जेवू काय घालायचं हे मी तुम्हाला सांगायला नको. आज बोलायचंय ते त्यांच्या सायकलीबद्दल. रात्रभर ती आपल्या दारात असते, आणि तिला काही झालं तर बोल आपल्याला लागतो.

हल्लीच्या महागड्या सायकलींना बॅटरीवर चालणारे गिअर असतात. आपल्या मुलींच्या गिअरवाल्या सायकलीत हँडलपासून मागच्या चाकापर्यंत तार जाते. खटका ओढला की तार ताणते आणि चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकते. या नव्या प्रकारात तारेचं काम छोटी मोटर करते. जपानच्या शिमानो कंपनीने २००९ च्या सुमारास असे गिअर बाजारात आणले. पुढे अमेरिकेच्या स्रॅमने बिनतारी काढले. ही मोटर असते मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला, चकत्यांखाली लोंबणाऱ्या भागात. त्याला डिरेलर म्हणतात. किंमत हजारांत, भारीतला असेल तर आपल्या गटातून एखादी जेवढं कर्ज घेते तेवढी. गावात तो मिळायचा नाही.

आता खरी गोम ऐका. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो, ती मुद्दाम नरम धातूची करतात. धक्का बसला तर पट्टी वाकावी, सायकलीचा सांगाडा वाचावा म्हणून. पण वाकलेली पट्टी चटकन दिसत नाही. रात्री कुणाच्या तरी पायाने सायकल उजवीकडे पडते, कुणीतरी उचलून उभी करते, वरून सगळं ठीक दिसतं. सकाळी पाहुणा निघतो, चढ लागला की सगळ्यात हलका गिअर टाकतो. त्या गिअरला डिरेलर चाकाच्या अगदी जवळ जातो. पट्टी आत वाकलेली असली की तो थेट आऱ्यांत अडकतो. डिरेलर तुटतो, आरे तुटतात, माणूसही पडू शकतो. म्हणून सायकल पडली तर गप्प उचलून ठेवू नका, पाहुण्याला सांगा. मागून उकिडवं बसून बघितलं तर कळतं: डिरेलर चकत्यांच्या रेषेत सरळ लोंबायला हवा.

मुळात पडूच नये म्हणून काय करायचं? या सायकलींना स्टँड नसतो. तेव्हा सायकलीची डावी बाजू भिंतीला, उजवी मोकळी. मागचं चाक भिंतीला टेकलेलं असावं आणि पुढच्या चाकाला चिऱ्याचा तुकडा लावावा. पुढचा ब्रेक केसांच्या रबराने आवळून ठेवला तर सायकल घरंगळत नाही. फक्त रबर गिअरच्या बटणावर येऊ देऊ नका. आडवी ठेवायची वेळ आली तर डाव्या अंगावर. दोन सायकली एकमेकींवर रेलू नका, एकीचं पेडल दुसरीच्या डिरेलरमध्ये घुसतं. पाहुण्याला सांगावं, थांबण्याआधी चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर घ्या. तसं केलं की डिरेलर आत सरकतो, बाहेर कमी डोकावतो. हे त्यानेच चालवता चालवता करायचं, आपण नाही.

जागा कुठली? पडवी सगळ्यात बरी, पण येण्याजाण्याच्या वाटेवर नको. खळ्यात ठेवणार असाल तर वर माड नाही ना ते बघा. नारळ किंवा सुकी झावळी पडली तर सायकलीचं काय होईल ते सांगायला नको. गुरांच्या गोठ्याजवळही नको. गाय अंग घासायला काहीही शोधते.

पोरांचं मात्र सांभाळा. बटण दाबलं की "झुं" आवाज येतो, मग पुन्हा पुन्हा दाबतात. सायकल उभी असताना मोटर सरकते, पण चेन फिरत नसते, म्हणून जागच्या जागी अडून राहते. मग पाहुणा पहिलं पेडल मारतो तेव्हा ती खाडकन उडी घेते, कधी उतरतेही.

खाऱ्या वाऱ्याने आपल्या खिडक्यांचे गज खातात, तर सायकलीचं काय घेऊन बसलात! पाहुण्याने धुवायला पाणी मागितलं तर बादली आणि फडकं द्या. गाडी धुवायचा जोराचा पंप डिरेलरवर मारू देऊ नका. साधा पाऊस त्याला चालतो, पण जोराचं पाणी रबरी सीलमधून आत शिरतं. नंतर कोरड्या फडक्याने पुसायचं.

बिनतारी प्रकारात बॅटरी डिरेलरलाच खोचलेली असते. पाहुणे ती रात्री काढून तासाभरात चार्ज करतात. त्यासाठी मोरीपासून लांबचं, कोरडं बटण दाखवा. बॅटरी काढल्यावर उघड्या खाचेवर टोपण लावायचं असतं, ते हरवलं तर झाडताना सापडेल, टाकून देऊ नका. सायकल टेम्पोतून पुढे पाठवायची असेल तरीही बॅटरी काढलेली बरी, कारण हादऱ्यांनी यंत्र जागं राहतं आणि बॅटरी वाटेतच उतरते.

आपल्या पोरींच्या तारेच्या गिअरलाही ती पट्टी असतेच. त्या सायकलींना बहुधा डाव्या बाजूला स्टँड असतो, म्हणून त्या डावीकडे कलून उभ्या राहतात. शाळेच्या गर्दीत उजव्या अंगाला दुसरी सायकल खेटून लावू नको, एवढं तिला सांगून ठेवा.